दाऊद मिस्त्रींनी न केलेलं काम

गेल्या हिवाळ्यात मी मुलाकडे दोन महिने राहिलो. तो मस्कतमध्ये, अल् घुब्राला राहतो. एका शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "डॅडी, तुम्ही दुरुस्त केलेली ती गढी आता लोकांना बघायला उघडी ठेवतात. जाऊन येऊ या." मी नको म्हणणार होतो. पण मग कारण सांगावं लागलं असतं.

किनाऱ्यावरच्या बरक्याहून डोंगराच्या बाजूला आत वळलं की पाऊण तासावर ते गाव आहे. खजुरीच्या बागा, बागांतून वाहणारा पाण्याचा पाट आणि मधोमध मातीची गढी. दोन गोल बुरूज, जाड भिंती, वाकून आत जावं लागेल असा दरवाजा. ती सरकारची नाही, एका घराण्याची आहे. किती जुनी, हे नक्की कोणालाच ठाऊक नाही. मालक नासिर पाचशे वर्षं म्हणत. त्यांची आई म्हणे, पोराला काही कळत नाही, त्याहून जुनी आहे.

नासिर यांचा एक पस्तिशीतला पुतण्या पाहुण्यांना गढी दाखवतो. आम्ही हिंदी कळणारे म्हणून तो हिंदीत बोलत होता. दरवाजावरचं भोक दाखवून त्यानं सांगितलं, की शत्रू आला की त्यातून खजुराचा उकळता रस ओतत. मग तळमजल्यावरच्या एका अंधाऱ्या खोलीपाशी तो थांबला. आत गुळगुळीत सपाट जमीन होती.

"ये खजूर का कमरा था," तो म्हणाला. "नीचे नालियाँ थीं, उनमें रस बहता था. रिपेअर के टाइम इंडिया का एक मिस्त्री था, दाऊद. उसने बिना पूछे सीमेंट डाल दिया. मेरी दादी बहुत रोई थी."

मुलगा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "आपले दाऊदअंकलच ना ते? माणूस चांगला होता, पण हे काम बिघडवलं त्यांनी."

ते काम दाऊद मिस्त्रींनी केलेलं नाही. मी केलं. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि हे कागदावर यावं म्हणून लिहायला बसलो आहे. पण नुसतं एवढं वाक्य लिहून भागत नाही. ज्याच्या नावावर हे गेलं तो माणूस कोण होता, हेही त्याच कागदावर असायला हवं.

दाऊदभाई श्रीवर्धनकडचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. उंचीला बेताचे, खांदे रुंद, डोक्यावरची जाळीची टोपी मूळची पांढरी, पण मी पाहिली तेव्हा भिंतीच्याच रंगाची झालेली. मी मस्कतमधल्या कुरुमच्या एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचो आणि गरज पडेल तेव्हा साइटवर देखरेख करायचो. कामगार मला इंजिनेरसाहेब म्हणत. मी इंजिनिअर नव्हतो आणि त्यांची चूक मी कधी दुरुस्त केली नाही.

नासिर यांच्या घरात पुढच्या थंडीत लग्न होतं. पाहुण्यांना गढीतच जेवण द्यायचं, म्हणून त्यांनी दुरुस्ती काढली. मातीकाम जाणणारा मिस्त्री आमच्या कंपनीत नव्हता. कोणीतरी बरक्यात कुंपणाच्या भिंती बांधणाऱ्या दाऊदभाईंचं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी त्यांनी काहीच काम केलं नाही. सकाळी चौकात उकिडवे बसले. मग उठून भिंतींवर तळहात ठेवत हिंडले. दुपारी तेच. ऊन उतरल्यावर पुन्हा तेच. मी वैतागून म्हटलं, "मिस्त्री, हजामत करायला आलात की काम?"

"घर बगतोय साहेब."

"सकाळपासून?"

"सकाळचं येगळं असतंय, दुपारचं येगळं." मग माझा हात धरून त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर एका जागी टेकवला. "थंड लागतंय? दुपारी पण थंडच व्हतं. आत पाणी हाय." आम्ही तिथे खणलं तेव्हा पाटाला फुटलेली एक जुनी गळती सापडली. माझ्या नकाशात त्या भिंतीवर 'ठीक' असा शेरा होता.

सिमेंटशी त्यांचं वैर होतं. ओमानात जुन्या बांधकामाला सारूज वापरतात. माती भाजायची, कुटायची, चुन्यात मळायची आणि लावायची. दाऊदभाई हे काम इथल्याच एका म्हाताऱ्या गवंड्याकडून शिकले होते. मिश्रण तयार झालं की चिमूटभर जिभेवर ठेवत आणि थुंकत. मी एकदा विचारलं, काय कळतं? म्हणाले, "भाबीला विचारा, आमटी चाखून काय कळतं." सिमेंटबद्दल म्हणत, "सिमेंट म्हंजे घरजावई. आला की ताठ हुबा ऱ्हातो, मिसळत नाय. आन पडला तर एकटा पडत नाय, भिंत घिऊन पडतो."

'खलास' हा एकच शब्द ते तीन तऱ्हांनी म्हणत. काम झालं तर तुटक, बिघडलं तर लांब, आणि कोणी फार बोलायला लागला तर हळू, जवळजवळ प्रेमानं. तो तिसरा माझ्या वाट्याला पुष्कळदा आला.

गढीत खरा हुकूम चालायचा तो नासिर यांच्या आईचा. तिकडे थोरल्या मुलाच्या नावानं आईला हाक मारतात, म्हणून सगळे तिला उम्म नासिर म्हणत. सत्तरीची, सडसडीत, हातात कायम काठी. दाऊदभाईंची अरबी बाजारातली, तिची गावाकडची. रोज सकाळी दोघांचं कशावरून तरी वाजे. ती काठीनं भिंत दाखवी, ते मान हलवत, ती ओरडे, ते हसत. आणि भांडण संपलं की कॉफी येई.

माझ्या पहिल्या कॉफीची गोष्ट दाऊदभाई पुढे सगळ्यांना सांगत. कानाचा नसलेला एवढासा कप, त्यात वेलचीची कडू कॉफी आणि पुढ्यात खजूर. मी कप रिकामा केला, उम्म नासिरनं भरला. पुन्हा प्यायलो, पुन्हा भरला. पाहुण्यानं नको म्हणू नये, असं मी ऐकलेलं. सातव्या कपाला मी नुसता खजूर चघळत वेळ काढू लागलो. दाऊदभाई समोर मांडी घालून शांतपणे बघत होते. आठव्याला म्हणाले, "साहेब, कप हालवा."

"म्हणजे?"

"हातात धरून हालवा. नायतर रमजानपातुर पीत बसाल."

मी कप हलवला. उम्म नासिर लगेच मागे सरकली. पुरे झालं हे सांगायची तीच रीत. "आधी का नाही सांगितलंत?" मी चिडलो. ते म्हणाले, "मला बगायचं व्हतं, इंजिनेर किती पितोय." म्हातारीला त्यांनी ते अरबीत सांगितलं आणि ती तोंडावर ओढणी धरून हसली. त्या दिवसापासून ती मला 'आठ' म्हणू लागली.

नाताळात ते आमच्याकडे जेवायला आले. बरक्याच्या बाजारातून सुरमई घेऊन आले आणि खुर्चीवर न बसता थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. माझी बायको मोनिका कालवण करत होती.

"भाबी, तुमा वसईवाल्यांच्या कालवणात बाटलीतल्या मसाल्याचंच नाव मोठं. मासा बिचारा विचारतो, मी आलो काय आत?"

"मग तुम्ही करा, दाऊदभाई. ही घ्या पळी."

"मी मिस्त्री हाय. देखरेख करीन, तुमच्या नवऱ्यासारखी."

मोनिका इतकी हसली की कालवण खाली लागलं. माझा मुलगा तेव्हा दहावीत होता. त्याचं मराठी अडखळतं, दाऊदभाईंचं बोलणं त्याला निम्मं कळे, पण तो त्यांना सोडेना. त्या दिवशी निघताना ते मला पहिल्यांदा 'साहेब' न म्हणता 'फ्रान्सिसभाय, येतो तर मंग' असं म्हणाले. पुढे 'तू' म्हणू लागले. मला ते आवडलं.

आता ती खोली.

लग्नाला महिना उरला असताना दाऊदभाईंच्या मुलीचा निकाह ठरला आणि ते वीस दिवसांसाठी गावी गेले. जाण्याआधी त्यांनी मला तळमजल्यावरच्या त्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी नेलं. "हिला हात लावू नको. मी आल्यावर बगू." मी बरं म्हटलं. का, ते विचारलं नाही.

ते गेल्यावर नासिर यांनी मस्कतहून फोनवर सांगितलं, की पाहुण्यांना बसवायला जागा कमी पडते आहे, आणखी एक खोली मिळाली तर बरं. आईला ते महिनाभरासाठी मस्कतला घेऊन गेले होते, कामाच्या धुळीनं तिला खोकला झाला होता म्हणून. मी त्या खोलीत बॅटरी घेऊन शिरलो. जमिनीवर एकाशेजारी एक असे हातभर अंतरानं लांब उंचवटे, मध्ये पन्हळी, सगळ्यांना एका कोपऱ्याकडे उतार आणि कोपऱ्यात खड्डा. मी वसईचा. आमच्या घरामागे गोठा होता. गोमूत्र वाहून जावं म्हणून त्याच्या जमिनीला असाच उतार, अशीच पन्हळ आणि कोपऱ्यात असाच खड्डा. मी क्षणभरही थांबलो नाही. गढीत जनावरं बांधायची ही जागा, असं मी ठरवून टाकलं. पाहुण्यांना गोठ्यात कसं बसवायचं? तीन माणसं लावून दोन दिवसांत सिमेंट ओतलं, पाट्यानं सपाट केलं. नकाशात 'जमीन समतल केली' असं लिहिलं. मला त्या कामाचा अभिमानही वाटला.

तो गोठा नव्हता. त्या उंचवट्यांवर खजुराची पोती एकावर एक रचत. वरच्या पोत्यांच्या वजनानं खालच्या खजुरांतून रस सुटे, पन्हळीतून वाहत कोपऱ्यातल्या खड्ड्यातल्या रांजणात पडे. वर्षभर घर तो रस भाकरीशी खाई. त्या पन्हळी उम्म नासिरच्या आजोबांनी आपल्या हातांनी घडवल्या होत्या. दाऊदभाईंना हे तिनंच सांगितलं होतं, म्हणून ते 'हात लावू नको' म्हणाले होते.

दाऊदभाई गुरुवारी गावाहून परतले. शुक्रवारी नमाजनंतर नासिर आईला घेऊन आले. ती काठी टेकत सरळ त्या खोलीकडे गेली आणि उंबऱ्यावर थांबली. आत पाऊल ठेवलं नाही. बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली. मग तिनं काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी चौकट धरली. नासिर यांनी मला हिंदीत विचारलं, "ये किसने किया?"

दाऊदभाई माझ्या मागे चार पावलांवर उभे होते, हातात थापी. त्यांनाही ती जमीन तेव्हाच पहिल्यांदा दिसत होती.

मुलाची दहावी होती. माझा व्हिसा नोकरीवर होता आणि घरातल्या सगळ्यांचा माझ्यावर. हे मी समर्थन म्हणून लिहीत नाही, त्या क्षणी डोक्यात काय आलं ते लिहितो. दाऊदभाईंना हिंदी कळायची, अरबी कामापुरती यायची, इंग्रजी मात्र येत नसे. मी इंग्रजीत उत्तर दिलं. नाव न घेता म्हटलं, मिस्त्रीनं केलं, मी त्या दिवसांत मस्कतच्या ऑफिसात होतो. दाऊद त्या दिवसांत मुलुखात होते, हे नासिर यांना माहीत नव्हतं, आणि माझं बोलणं खोडून काढायला त्यांच्याजवळ काही कारण नव्हतं.

नासिर यांनी ते आईला अरबीत सांगितलं. त्यात 'दाऊद' आलं आणि दाऊदभाईंना सगळं कळलं.

ती वळली. "इन्ता?" तिनं विचारलं. तू?

दाऊदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काही विसरल्यासारखं. मग टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "सामहीनी, उम्मी." माफ कर, आई.

तिनं कॉफी मागवली नाही. त्या गढीत दाऊदभाईंना कॉफी न विचारली गेल्याचा तो एकच दिवस. संध्याकाळी नासिर यांनी शांतपणे सांगितलं, या माणसाला आता पाठवू नका.

मी त्यांना माझ्या गाडीतून बरक्याला सोडलं. निम्मा रस्ता मागे पडला. शेवटी मीच म्हटलं, "तुम्ही बोलला का नाही, दाऊदभाई?"

"काय बोलायचं व्हतं?"

"खरं."

"आन मंग तू नाय म्हनला असतास. मी हो, तू नाय, मी हो, तू नाय. म्हातारीनं तिच्याच उंबऱ्यावर ते बगायचं? तिची कॉफी पिलेली दोन मानसं." ते खिडकीबाहेर बघत होते. "तिला एक दुखनं झालंय. दुसरं कशाला."

"मी सांगेन त्यांना."

"सांग. उद्या सांग, परवा सांग. पन तूच सांग. मी सांगनार नाय."

मी हो म्हटलं. उद्या गेला, परवा गेला. लग्न झालं, मला कंपनीकडून शाबासकी मिळाली, मुलाची दहावी झाली, बारावी झाली. नासिर यांच्याकडे मी वर्षातून एकदा ईदला जात असे आणि उम्म नासिर मला 'आठ' म्हणून हाक मारून कॉफी देत असे. प्रत्येक वेळी वाटे, आता सांगावं. मी कप हलवून उठत असे.

दाऊदभाईंनी पुन्हा कुंपणाच्या भिंती बांधायला घेतल्या. आमच्या घरी ते आले नाहीत. मोनिकानं विचारलं तेव्हा मी तिलाही तेच सांगितलं जे नासिर यांना सांगितलं होतं, आणि मुलानं ते ऐकलं. मोनिका सहा वर्षांपूर्वी वारली. तिला मी खरं सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यातल्या शुक्रवारी मात्र मी मुलाला तिथेच, त्या खोलीच्या दारात, मराठीत सांगितलं. त्यानं त्या जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी लोकांना त्यांची गोष्ट सांगतोय, डॅडी. जोक म्हणून." मी म्हटलं, नासिर यांच्याकडे चल.

नासिर आता माझ्याहून थकलेले दिसतात. गढीला लागूनच्या नव्या घरात राहतात. ओळख पटल्यावर त्यांनी कॉफी ओतली. मी कप खाली ठेवून सगळं सांगितलं, हिंदीत, म्हणजे काही निसटू नये. गोठ्याचंही सांगितलं. ऐकून त्यांनी हातातली माळ खाली ठेवली.

"आई नाही, दाऊदही इथे नाही," ते म्हणाले. "आता कशाला सांगतोस?"

"तुमचा पुतण्या रोज पाहुण्यांना सांगतो, म्हणून."

त्यांनी पुतण्याला बोलावलं आणि अरबीत काही सांगितलं. मग त्यानं खिशातून फोन काढला, लिहून घ्यायला. दाऊदचं पूर्ण नाव विचारलं. मला दाऊद एवढंच माहीत होतं. वडिलांचं नाव नाही, गावाचं नाव नाही. श्रीवर्धनकडचे, असं म्हटलं. मग त्यानं विचारलं, "और आपका?" मी नाव, वडिलांचं नाव, आडनाव सांगितलं. एक एक अक्षर त्यानं परत म्हणून घेतलं.

नासिर म्हणाले, "इन्शाल्ला, सिमेंट फोडून बघू. खाली काही राहिलं असेल तर." ते मला दारापर्यंत पोचवायला उठले नाहीत.

एक गोष्ट मी नासिर यांना सांगितली नाही. ती फक्त दाऊदभाईंची आहे, म्हणून इथे लिहितो.

बरक्याच्या मासळीबाजारात आम्ही वर्षातून एक-दोनदा समोरासमोर येत असू. ते कधी टाळत नसत. मोनिकाची, मुलाची चौकशी करत आणि शेवटी एकच विचारत, "उम्म नासिर कशा हायत?" मी म्हणे, बऱ्या आहेत. ते क्षणभर थांबत, मी आणखी काही सांगेन म्हणून, आणि मग "खलास" म्हणून निघत. हळू म्हणायचा तो तिसरा.

त्या खोलीनंतर चौथ्या वर्षी उम्म नासिर गेली. आठवडाभरानं मी बाजारात गेलो तर दाऊदभाई सुरमईच्या एका ढिगापाशी उभे होते. त्यांना कळलेलं होतं. पुढच्या महिन्यात ते कायमचे गावी जाणार होते. पाठ थोडी वाकली होती. चौकशी झाली नाही. त्यांनी सरळ विचारलं, "तिला कळलं व्हतं काय?"

मी हो म्हटलं.

"तू सांगितलंस?"

"हो. गेल्या ईदला."

"काय म्हनली?"

मी म्हटलं, "म्हणाली, दाऊदला कॉफीला आण. मग आजारी पडली, राहून गेलं."

त्यांनी माझा दंड धरला. सारूजनं खडबडीत झालेली बोटं शर्टातूनही लागत होती. "बग," ते म्हणाले, "मी घरी बायकोला सांगत व्हतो, फ्रान्सिस सांगल. येळ लागल, पन सांगल." मग ते कोळ्याकडे वळले आणि पूर्वीच्या आवाजात त्याच्याशी घासाघीस करू लागले. एक मोठी सुरमई घेतली, ती कापून दोन पिशव्यांत भरायला लावली आणि अर्धी माझ्या हातात दिली. "भाबीला सांग, मसाला कमी घाल."

शेड संपून ऊन लागलं तिथे त्यांनी टोपी सारखी केली आणि न वळता हात वर केला.